शून्य चुकांचं पुस्तक

बाबा, शुक्रवारी ऑफिसात माझ्या समोरच्या पडद्यावर 'चुका : शून्य' अशी हिरवी अक्षरं आली. शेजारी आमचा मॅनेजर उभा होता. पतियाळ्याचा मुलगा, वयाने माझ्या निम्म्याहून थोडा जास्त, कामाला वाघ. तो खुशीत म्हणाला, "लो जी मॅम, टेस्टिंग भी हो गई." मी हसले, बाटली उचलली आणि पाणी भरायच्या निमित्ताने उठून गेले. त्या दोन शब्दांचं आणि माझं जुनं आहे, आणि त्यात तुम्ही आहात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. जे मी आठवीत असताना तुम्हाला सांगायला हवं होतं ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. आज रविवार आहे, आई जेवून आत आडवी झाली आहे, गच्चीत ऊन आहे. तेवढ्या वेळात लिहून टाकते.

आधी मी हल्ली काय करते ते सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत मुलांच्या वह्या तपासणारी बाई होते. आता आयटी पार्कात बसते. कारखाने, दवाखाने, बँका यांना आपल्या माणसांना काहीबाही शिकवायचं असतं, ते आम्ही पडद्यावरच्या धड्यात बसवून देतो. कार्डावर हुद्दा भारदस्त आहे, पण काम तुमचंच. कोणाला काय येत नाही ते बघायचं, त्याचे तुकडे करायचे, तुकडे ओळीने लावायचे आणि शिकणारा कुठे अडखळतो ते पुन्हा बघायचं. या कामाची मॉडेलं आता पैशाला पासरी झाली आहेत. पाच पायऱ्यांचं एक आहे, ते आमच्याकडची पोरं मंत्रासारखं म्हणतात: विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. मग कोणी म्हणालं, पायऱ्या नकोत, वर्तुळ हवं. मग कोणी म्हणालं, वर्तुळही नको, कच्चा धडा झटपट करा आणि सुधारत जा. चारपाच वर्षांनी आकृती बदलते, बाण इकडचे तिकडे होतात, आणि आम्ही नवीन आकृतीचा कोर्स करून नवीन प्रमाणपत्र भिंतीला लावतो. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं असतंत, "ते सगळं ठीक आहे गं, पण यात शिकणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं कधी?"

आणि आता तर अशी यंत्रणा आली आहे की तिला विषय सांगितला की चहा उकळेपर्यंत धडा तयार, चित्रं, प्रश्न, आवाज, सगळ्यासकट. इथवर माझी तक्रार नव्हती. शुक्रवारी तिने पुढचं पाऊल टाकलं. धडा तपासायला शिकणारेही तिनेच पुरवले. माणसं नव्हेत, सोंगं. आपण सांगायचं, सातवी शिकलेली कामगार बाई, किंवा नवशिका ऑपरेटर. यंत्रणा तसं सोंग घेते आणि स्वतःच लिहिलेला धडा स्वतःच सोडवते. बारा सोंगांनी धडा सोडवला, आणि बारांचा निकाल ती हिरवी अक्षरं. पेपर काढणाराही तोच, सोडवणाराही तोच आणि तपासणाराही तोच. मॅनेजरला हे फार आवडलं. मला मात्र आपल्या क्वार्टरमधलं जेवणाचं टेबल आठवलं.

ते टेबल तुम्हाला आठवत असेलच. सनमायकाचं, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग पडलेलं. सांगलीहून तुम्ही चंदीगडला आलात ते शिक्षकांना शिकवणाऱ्या एका सरकारी संस्थेत, शिक्षण-तंत्रज्ञान विभागात. घरी कोणी विचारलं की आई सांगायची, "मास्तरांचे मास्तर आहेत." त्या विभागात दर थोड्या वर्षांनी नवीन यंत्र यायचं आणि तुम्ही जेवताना त्याची गोष्ट सांगायचात. फ्लॅनेलचा फळा, ज्यावर चित्रं नुसती दाबली की चिकटायची. मग स्लाइडचा प्रोजेक्टर. मग पारदर्शक कागदावर लिहून भिंतीवर दाखवायचं यंत्र, त्याच्या उजेडाने तुमचे डोळे चुरचुरायचे. मग व्हिडिओ कॅसेट. मग कॉम्प्युटर, त्याची खोली थंडगार, चपला बाहेर काढून आत जायचं, आई म्हणाली होती, "देव बसवलाय काय आत?" प्रत्येक वेळी दिल्लीहून कोणीतरी साहेब यायचे आणि भाषण करायचे की आता मास्तरची गरज संपली. तुम्ही जेवताना त्यांची नक्कल करायचात. "नव्याचे नऊ दिवस," म्हणायचात, "दहाव्या दिवशी बल्ब जातो आणि मास्तर खडू शोधतो."

पण तुमचा खरा जीव होता तो पुस्तकांत. साधी पुस्तकं नव्हेत, चौकटींची. एका चौकटीत एकच लहानशी गोष्ट सांगायची, लगेच एक प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर पुढच्या चौकटीच्या डाव्या समासात छापायचं. शिकणाऱ्याने तो समास पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकून ठेवायचा, आपलं उत्तर लिहायचं, मग पट्टी खाली सरकवून ताडून बघायचं. मास्तर नको, घंटा नको, ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. आज आम्ही 'नेक्स्ट'चं बटण देतो ते त्या पट्टीचंच पोर आहे. तुम्ही म्हणायचात की चौकट नीट लिहिली तर माणूस चुकतच नाही, आणि चुकला तर ती चूक त्याची नसते, चौकटीची असते. हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत. मी मात्र शाळेत जाणारी मुलगी होते, आणि शाळेत चूक कोणाची असते हे मला चांगलं ठाऊक होतं.

तुमच्या या वेडापायी आईला भाकरीचं पुस्तक सोसावं लागलं. शेजारच्या आंटी, अमृतसरच्या, आईच्या भाकरीवर खूष होत्या, त्यांना शिकायची होती. आई म्हणाली, ये, दाखवते. तुम्ही म्हणालात, थांब, आपण पुस्तक करू. मग तीन दिवस स्वयंपाकघरात स्टूल टाकून, वही मांडीवर घेऊन तुम्ही बसलात. आई सांगलीहून ट्रंकेतून आणलेलं ज्वारीचं पीठ मळते आहे आणि तुम्ही विचारता आहात, "किती वेळ मळायचं?" "मऊ होईतोवर." "मऊ म्हणजे किती?" "अहो, हाताला कळतं की." तुम्ही गंभीरपणे लिहून घेता: हाताला कळतं. आई म्हणाली, "हे पण लिहिलंत? उद्या भूक लागते हे पण लिहा." शेवटी बावीस चौकटींचं पुस्तक झालं. आंटींनी ते राजम्याच्या डब्याला टेकवून उभं केलं, पीठ मळलं, आणि पहिल्याच खेपेला भाकरी टम्म फुगली. तुमचा चेहरा काय झाला होता, बाबा. तुम्ही आईकडे वळून म्हणालात, "बघितलंस?" आईला हसू आवरेना. "अहो, ती जन्मभर मक्क्याची रोटी हातावर थापत आली. तिला तुमचं पुस्तक कशाला पाहिजे?" आणि आंटी ओढणीला हात पुसत म्हणाल्या, "भाईसाब, किताब बहुत सोहणी है, पर मैं ते पढ़ी नहीं." सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसलात. मग वही उघडून लिहिलंत की शिकणाऱ्याला आधीपासून काय येतं ते आधी विचारावं. आमच्या पाठ्यपुस्तकांत या गोष्टीला भलं मोठं नाव आहे. मी ती आपल्या स्वयंपाकघरात शिकले.

त्या सालच्या हिवाळ्यात तुम्हाला तुमचं मोठं काम मिळालं. आयटीआयच्या पोरांना मायक्रोमीटर वाचायला शिकवायचं पुस्तक. लोखंडाची सळई किती जाड आहे ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगणारं ते साधन, तुम्ही संस्थेतून लाकडी पेटीत घालून घरी आणलंत. ते मापाचं काम आईला भाकरीपेक्षा बरं वाटलं, कारण त्यात 'मऊ' नव्हतं. साठ चौकटी लिहून झाल्या आणि तपासणीची वेळ आली. तुमचा नियम असा की धडा तपासताना एकाच शिकणाऱ्याला समोर बसवायचं, आपण शेजारी बसायचं, एक शब्दही बोलायचा नाही, आणि तो अडखळला की त्या चौकटीवर लाल पेन्सिलीने खूण करायची. तुम्ही पट्टीकडे बघतच नव्हता. चेहऱ्याकडे बघायचात. "चूक आधी कपाळावर येते," म्हणायचात, "मग कागदावर." त्याआधीच्या दोन पुस्तकांना मीच बसले होते. दोन्ही वेळा मी धडपडले होते, तुमची लाल पेन्सिल चालली होती, आणि मग कित्येक रविवार तुम्ही तेच कागद पुन्हा लिहीत बसला होता. तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत. पण प्रत्येक खुणेबरोबर तुमचे खांदे जरा खाली यायचे, ते मी बघत होते. तुम्ही माझं कपाळ वाचत होता आणि मी तुमचे खांदे.

तर मायक्रोमीटरच्या पुस्तकाला मी बसले. सुरुवात सोपी होती. तिसाव्या चौकटीपर्यंत मी खरोखरच बरोबर गेले आणि तुम्ही ताठ बसला होता. एकतिसावी चौकट अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेची होती. मायक्रोमीटरच्या आडव्या रेघेच्या वर पूर्ण मिलिमीटरच्या खुणा असतात आणि खाली मधल्या अर्ध्याच्या. खालची खूण दिसायला लागली असेल तर अर्धा मिलिमीटर मिळवायचा, नसेल तर नाही. चौकटीतलं चित्र बघून मला काही केल्या कळेना की ती खूण दिसते आहे की नाही. आणि मी अंगठ्याने पट्टी जराशी खाली सरकवली. सात पूर्णांक अडुसष्ट. मी कपाळाला आठी घातली, विचार करत असल्यासारखं खिडकीकडे बघितलं, आणि सात पूर्णांक अडुसष्ट लिहिलं. तुमची पेन्सिल हलली नाही. त्यानंतर अर्ध्या रेघेची जी जी चौकट आली तिथे मी हेच केलं. आठी कधी घालायची, किती वेळ घालायची, हे मला छान जमायला लागलं. साठावी चौकट झाली, तुम्ही कागद चाळले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आईला हाक मारलीत. "अगं, ये की बाहेर. पोरीने एकही चूक केली नाही. शून्य!" आईने त्या दिवशी शिरा केला. तुम्ही मला सेक्टर सतराच्या बाजारात नेऊन पेन घेऊन दिलंत, निळं, सोनेरी टोपणाचं. मी त्या पेनने वर्षभर लिहिलं आणि एकदाही मला लाज वाटली नाही, हेही सांगून टाकते. मला वाटत होतं, मी तुमचे रविवार वाचवले.

नियमाने तुम्ही पुढे चारसहा आयटीआयच्या पोरांना तसंच एकेकटं बसवायला हवं होतं. भाकरीच्या वेळी वहीत लिहिलेलं तुम्हाला चांगलं आठवत होतं. पण शून्याची नशा तुम्हालाही चढली. मुदत जवळ आली होती, आणि आठवीतल्या मुलीला जमलं ते अठरा वर्षांच्या पोरांना का जमू नये? पुस्तकाच्या सायक्लोस्टाइल प्रती निघाल्या आणि पुस्तक इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये तीस पोरांना वाटलं गेलं. पोरांनी ते वाचलं, आणि मग लेथवर बारा मिलिमीटरची पिन काढायला घेतली. त्या दिवसाचं मी बघितलेलं काही नाही, आईकडून नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. पंचवीसएक पिना अर्धा मिलिमीटर जाड निघाल्या. भोकात एक बसेना. इन्स्ट्रक्टरने सगळ्या एका ट्रेमध्ये घालून तुमच्या साहेबांच्या टेबलावर आणून ठेवल्या. आणि साहेब भर मीटिंगमध्ये तुम्हाला म्हणाले, "घर की बच्ची पे टेस्ट करके किताबें नहीं बनतीं." तुम्ही घरी आलात ते सायकल बाहेरच ठेवून, कुलूप न लावता. जेवताना एवढंच म्हणालात, "पोरांचा दोष नाही."

बाबा, इथपर्यंत तरी मी लहान होते असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही. दोन दिवसांनी तुम्ही मला पुन्हा टेबलाशी बोलावलंत. एकतिसावी चौकट उघडून ठेवली होती. पोरं नेमकी तिथेच घसरली होती. तुम्ही हळूच विचारलंत, "हे करताना तुला काय वाटलं होतं, आठवतंय? जरासुद्धा अडलं नव्हतं?" तुमच्या हातात पेन्सिल होती, टोक केलेली. मी एक शब्द बोलले असते तर तुम्ही ती चौकट त्याच दिवशी दुरुस्त केली असतीत. चित्र मोठं काढलं असतं, आणखी दोन चौकटी घातल्या असत्या, आणि पुस्तक वाचलं असतं. मी म्हणाले, "नाही. सोपं होतं." तुम्ही पेन्सिल त्या चित्रावर आडवी ठेवलीत. मग म्हणालात, "असं असेल तर मला या कामातलं काही कळत नाही." ते तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. महिन्याभरात तुम्ही अर्ज करून यंत्रांच्या स्टोअरमध्ये बदली घेतलीत. तिथून निवृत्त होईपर्यंत प्रोजेक्टर द्यायचे, परत घ्यायचे, गेलेले बल्ब बदलायचे, हेच केलंत. चौकटींचं पुस्तक पुन्हा लिहिलं नाहीत. आई बाहेरच्यांना मास्तरांचे मास्तर असं सांगायची हळूहळू बंद झाली. मी ते सगळं बघत दहावी झाले, बारावी झाले, आणि शिक्षणशास्त्रालाच गेले. लोकांना वाटलं वडिलांचा वारसा. मायक्रोमीटर मला आजही वाचता येत नाही.

तुमचं शेवटचं आजारपण मोठ्या इस्पितळात गेलं. अठरा दिवस. तिथे एक मराठी डॉक्टर होते, लातूरकडचे, ते राऊंडला आले की तुमच्याशी मुद्दाम गावाकडचं बोलायचे आणि तुम्ही खुलायचात. एका दुपारी नर्स इंजेक्शन द्यायला आली, केरळची होती, नवीनच. तिने विचारलं, "अंकल, ये कौन?" तुम्ही सांगलीच्या हिंदीत म्हणालात, "ये मेरी बेटी. आठवी में थी, मेरी पूरी किताब सोडवली, एक गलती नहीं. लड़की होशियार थी. किताब में खोट थी." नर्सने "वेरी गुड" म्हणून सुई टोचली. मी तुमचं पांघरूण नीट करत होते. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, आणि मी मान डोलावली. त्या पुस्तकाची गोष्ट इतक्या वर्षांत आपल्या दोघांत निघाली नव्हती. तुम्ही ती अशी मनात ठेवली आहे हे मला तेव्हा कळलं. खोट पुस्तकात होती हे तुम्ही मान्य करून टाकलं होतं, कारण नाहीतर ती माझ्यात काढावी लागली असती. त्यानंतर पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

यापुढचं मला लिहायला जड जातं आहे. मी या कंपनीत आले त्याला सोळा वर्षं झाली. नवीन मुलांची बॅच आली की पहिला तास माझा असतो. त्यात मी एक गोष्ट सांगते. एक गृहस्थ होते, फार हुशार, त्यांनी एक धडा लिहिला आणि आपल्याच मुलीवर तपासला. लड़की होशियार थी. धडा पास झाला, वर्कशॉप नापास. मुलं हसतात. मग मी म्हणते, ते माझे वडील होते आणि ती मुलगी मी. आणखी हसतात. मग मी गंभीर होऊन सांगते की म्हणून उंटावरून शेळ्या हाकू नयेत, शिकणाऱ्याकडे स्वतः जावं. गोष्ट उत्तम जमली आहे. कुठे थांबायचं हे मला माहीत आहे. पट्टीचा भाग तिच्यात नाही. सोळा वर्षं मी तुमच्या चुकीवर पगार घेते आहे आणि स्वतः त्यात हुशार मुलगी म्हणून मिरवते आहे. साहेबांनी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं ते मी दर बॅचला म्हणते, फक्त जरा प्रेमाने.

परवा, ती हिरवी अक्षरं आली त्या शुक्रवारी, बाटली भरून आल्यावर मी मॅनेजरशी भांडले. धडा होता इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यासाठी: मशीन साफ करायच्या आधी खटका पाडून वीज कशी तोडायची, त्या खटक्याला कुलूप कसं लावायचं. चुकलं तर साफ करणाऱ्या बाईचा हात जातो. मी म्हटलं, मला खऱ्या दोन बाया हव्यात, तासभर. तो म्हणाला, "मॅम, आप ओवरथिंक करते हो." शेवटी एक मिळाली. काल सकाळी मी कारखान्यात तिच्या शेजारी लाकडी खोक्यावर बसले होते, टॅब तिच्या हातात, वही माझ्या मांडीवर, तोंड बंद. तिसऱ्या चित्राशी ती थांबली. चित्रात खटका मशीनच्या डाव्या अंगाला, लाल, हाताशी. ती चित्राकडे बघे, मशीनकडे बघे. चूक तिच्या कपाळावर आली, बाबा, अगदी तुम्ही म्हणायचात तसं. आणि तिने घाईघाईने बरोबर उत्तरावर बोट ठेवलं. मी नियम मोडला आणि बोलले. म्हटलं, "दीदी, गलती आपकी नहीं होगी, मेरी होगी. सच बताइए." ती हसली. "स्विच तो पीछे है जी, ड्रमों के पीछे. वहाँ कौन जाता है? हम तो चलती मशीन पोंछते हैं." बारा सोंगांपैकी एकालाही ते ड्रम दिसले नव्हते. आता आधी ड्रम हलवायला सांगितलं आहे, धडा मागाहून. तिथून मी बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, रिक्षावाले बघत होते. इतकं सोपं होतं ते विचारणं, आणि उत्तर देणंही. तुम्ही विचारलं होतंत. त्या बाईने दिलं. मी दिलं नव्हतं.

दुपारी दोन वाजता नवीन बॅच होती, शनिवार असूनही, कारण ती मुलं सोमवारपासून कामाला लागणार आहेत. जाताना गाडीत मी ठरवलं होतं की आज गोष्ट पुरती सांगायची, पट्टीसकट. हिंदीत वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. अकरा मुलं होती, मॅनेजरही मागे येऊन बसला. म्हणाला, "मॅम, अपने पापा वाला किस्सा सुनाइए न." मी सुरू केलं. चौकटी सांगितल्या, समास सांगितला, पट्टीही सांगितली, इथवर कधी सांगत नाही. मग ती सरकवल्याचं सांगायची जागा आली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणाले, "लड़की होशियार थी." ते हसले.

आई उठली आहे. मघाशी दारात येऊन म्हणाली, "काय लिहाय लागलीस एवढं?" तिला वाचून दाखवायचं असं सकाळी ठरवलं होतं, तुम्ही गेल्यापासून ती कोणी आलं की पुन्हा तुमच्या पुस्तकाचं सांगते, आणि माझ्या शून्याचं. मी म्हटलं, "ऑफिसचं आहे." ती चहा टाकायला गेली. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि जिला दाखवता येईल तिच्यापासून मी कागद हाताने झाकून बसले आहे. इस्पितळात मी बोलले नाही ते तुमच्या तब्येतीकडे बघून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुम्ही त्या नर्सला माझ्याबद्दल जे सांगितलंत तसं माझ्याबद्दल दुसरं कोणी कधी बोललं नाही, आणि ते खरं नाही हे पक्कं ठाऊक असूनही ते वाक्य मला परत द्यायचं नव्हतं. अजून देववत नाही.